चतुर्थीची सकाळची गोळी

गंगापूर रोड, नाशिक
सोमवार, १४ एप्रिल २०२५

चि. यशश्रीस, मनापासून आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. ह्यांचा गुडघा पुन्हा कुरकुरतो, तरी फिरायला जातात. तू लावलेल्या मोगऱ्याला कळ्या आल्यात. तिकडे तुझ्या बाबांच्या द्राक्षबागेत खरड छाटणी सुरू झाली असेल, उन्हात फार उभी राहू नकोस.

फोन उचलला होता. पण तुझा आवाज ऐकला असता तर मी मोगऱ्यावरच थांबले असते. म्हणून लिहिते आहे.

तुला भेटून आल्यावर मयुरेशने सांगितलं, चार महिन्यांत एकही फिट नाही. मी म्हटलं, जागापालट मानवला. भांडी घासता घासता कुसाबाई म्हणाली, "वहिनी, तुम्ही तर म्हनायच्या चंद्रामुळं व्हतं. मग दिंडोरीला काय दुसरा चंद्र हाय?" मी तिला गप्प केलं. स्वतःला करता आलं नाही.

मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. तुला फिट आलेल्या सहा तारखांना मी लाल गोल केले होते. सगळे पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी. तू माहेरी गेलीस त्या दिवशी ते मी तुझ्या आईसमोर टेबलावर पसरलं होतं, पुरावा म्हणून. गोल केले, पण त्याच चौकटीत बारीक अक्षरात छापलेलं कधी वाचलं नाही. संकष्टी, संकष्टी, आणि एकदोनदा तिचा दुसरा दिवस.

त्या दिवशी तुझी सकाळची गोळी राहून जायची.

राहून जायची नाही. पाकिटावर 'जेवणानंतर' लिहिलेलं, आणि आपल्याकडे चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संकष्टीला तू स्वयंपाकघराच्या दारात गोळ्यांची पट्टी हातात धरून विचारलं होतंस, "आई, घेऊ का?" मी म्हणाले, "एका दिवसाने काय होतंय?" त्यानंतर तू विचारलं नाहीस.

परवा मी माझ्या बीपीच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, चंद्रामुळे फिट येते असं सिद्ध झालेलं नाही. गोळी चुकली, पोट रिकामं राहिलं, तर मात्र येऊ शकते. मग सहज विचारलं, "उपवासाला तुमची बीपीची गोळी घेता ना?"

घेते. दर संकष्टीला, पाण्याबरोबर. माझी चालत होती, यशश्री.

ह्यांना आणि मयुरेशला काल सांगितलं. मयुरेश जेवणावरून उठून गेला. आज सकाळी मात्र चहा त्यानेच केला.

ते कॅलेंडर या पत्रासोबत उद्याच मयुरेशच्या हाती पाठवते आहे. फाडणार होते, पण ते तुझ्या डॉक्टरांना दाखव. प्रत्येक गोलाशेजारी मी लिहिलं आहे, 'गोळी मी घेऊ दिली नाही.' तुझ्या आईलाही दाखव. त्यांच्यासमोर येऊन बोलायचं आहे, त्या येऊ देतील तेव्हा.

परत ये असं या पत्रात लिहिणार नाही, तो तुझा प्रश्न. एवढंच सांगते की या घरात आता संकष्टीलाही सकाळी पोहे होतील. ज्याला उपास करायचा त्याने करावा.

परवा, बुधवारी, चतुर्थी आहे. नाश्ता करून गोळी घे. घेतलीस की मला फक्त 'घेतली' एवढं कळव. त्या दिवशी मी चंद्राची नाही, त्या एका शब्दाची वाट बघेन.

तुझी,
आई म्हणायचं की नाही ते तू ठरव,
इंदिरा