पंचवीस वर्षांची पाटी

११ मे २००३
आणलं: लाल ऑइल पेंट ३५, ब्रश ८, नरशीहून तुळशीची माळ ५, पोस्टकार्डं चार, रुपये २. पत्र्याची पाटी शेजारच्या चंदाबाईनं फुकट दिली.
पाटी सेनगाव रोडच्या परमिट रूमसाठी. माळ आमच्या वैजनाथसाठी.
पेपरात वाद चालू आहे, दारूचं वय पंचवीसवरून खाली आणावं का. माझं मत: एक दिवससुद्धा नको. पंचवीसपर्यंत लेकराला कायदा सांभाळील, पुढं माळ.

१३ मे
वैजनाथला मत विचारलं. म्हणाला, "माय, अठराला सरकार निवडायचं, एकविसाला बायको आणायची, अन् ग्लास पंचविसाला? हे बराबर हाय का?" किती मुद्द्याचं बोलतो! वकील व्हायला पाहिजे होता. माळ खुंटीला. उन्हाळ्यात टोचते म्हणे. तेही खरंच.

१८ मे
चंदाबाईला पाटी वाचून दाखवली: 'पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस दारू मिळणार नाही. दाखला दाखवा.' ती म्हणाली, "सुमनबाई, पाटी मागाहून लावा. आधी पोराचं तोंड हुंगा."
तिचा नवरा दारूत गेला, म्हणून तिला सगळीकडं तोच वास. वैजनाथचा वास खोकल्याच्या औषधाचा. सहा वर्षं झाली, खोकला हटत नाही.

२६ मे. एकादशी.
पाटी लागली. परमिट रूमवाल्या शंकरसिंगनं स्वतः खिळे ठोकले. "ताई, दाखल्याबिगर थेंब देनार न्हाई." चहा देत होता, उपास म्हणून घेतला नाही. संकल्प: आता तालुकाभर पाट्या.

१ जून
वैजनाथनं ट्रंकेतून शाळेचा दाखला नेला. नोकरीचा अर्ज असणार. पांडुरंगानं ऐकलं.

२ जून
नोकरी नाही. शंकरसिंगनं वैजनाथला पाटीखाली उभं करून दाखला तपासला आणि आत घेतलं. जन्मतारीख १ जून १९७८. काल पंचवीस पूर्ण.
वय मीच वाढवून सांगितलं होतं. पोरगं चारचं, खुरपायला जाताना ठेवणार कुठं? गुरुजींना सहा सांगितलं. त्यांनी अख्ख्या गावाला लिहीत तशी एक जून लिहिली. खरा तेवीसचाच आहे.
संकल्प: तारीख दुरुस्त करायची. मग बघू कोण देतो.

१० जून
हेडमास्तर म्हणाले, प्रतिज्ञापत्र आणा. तहसीलला दोन खेपा झाल्या, साहेब रजेवर. वैजनाथ दोन दिवस जेवला नाही. उन्हाची तलखी असेल.

२१ जून. नांदेड, दवाखाना.
वैजनाथला रक्ताची उलटी झाली. डोळे हळकुंडासारखे पिवळे. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून घेतो? मी म्हटलं, एक तारखेपासून. त्यांनी ते लिहिलं नाही, वैजनाथला विचारलं.
वैजनाथ भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "सहा वर्सं. माय, तुला ठाव होतं."

२९ जून. घरी.
मी पेरणीसाठी परत आले. आमचे हे वैजनाथपाशी दवाखान्यात आहेत. तीन पोस्टकार्डं पेपरवाल्यांना लिहिण्यात गेली. एक उरलं. त्यावर लिहिलं ते:

चि. वैजनाथ, अनेक आशीर्वाद. तहसीलला आता जात नाही. माळ खुंटीलाच आहे, ती पाठवत नाही. खोकला तुला नव्हता, मला पाहिजे होता. घास खाली जातो का? हात कापत असला तर नुसतं 'हो' लिही. पण उलट टपाली कळव.