तनुजाचा रकाना

पुंडलिकनगर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शीलास दादाचे अनेक आशीर्वाद.

मोबाईलवर तू मला ब्लॉक केलंयस. पोस्टमनला ती विद्या अजून अवगत नाही, म्हणून हे पाकीट. माझं बरं चाललंय. गुडघे तेवढे पाठशाळेतल्या बाकांसारखे करकरतात.

आपली तनुजा गेल्यावरही तिचं आकाशातल्या दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, मोजायचं काम मी सोडलेलं नाही. दुर्बिणीच्या चित्रात दीर्घिकेवर लंबगोल बसवायचा आणि तो उत्तरेपासून किती अंश कललाय ते लिहायचं. प्रत्येक चित्र दोघांनी वेगवेगळं मोजायचं. आकडे जुळले तरच तिच्या मार्गदर्शक बाईंचा विश्वास. म्हणून तिने रिकामटेकड्या मामाला जोडीला घेतलं. हा कोन घड्याळाच्या उलट मोजतात. मी जन्मभर प्रदक्षिणा शिकवलेली. उजवीकडून मोजला आणि मोठ्या ऐटीत तिलाही तेच पटवलं. "देवाला डावीकडून कोण फिरतं, मामा?" म्हणत ती हसली. दोघांचे आकडे छान जुळत गेले. सहा महिने चूक कुणाला दिसली नाही.

आता मी बरोबर मोजतो. चाळीस लिहितो, चहा ठेवायला उठतो. परत येतो तर संगणकावरच्या तक्त्यात शेजारी, तिच्या रकान्यात, एकशे चाळीस. उजवीकडून मोजलेला.

ही चित्रं ती गेल्यानंतर, जानेवारीत आली. तिने पाहिलेलीच नाहीत. तिचा पासवर्ड कुणाकडं नाही. बाईंना वाटतं मीच भरतो. दुःखात माणसं असं करतात, म्हणाल्या. तसंच असावं, असं मलाही वाटत होतं. म्हणून परवा एक चित्र न उघडताच गुलमंडीच्या बाजारात गेलो. आलो तर त्यापुढंही तिचा आकडा. मग मोजून पाहिलं. अचूक होता, फक्त उलटा.

चूक कोणती, हे तिला कळलंच नाही, शीला.

तेराव्याला तू विचारलंस, पोर ताटावरून का उठली. मी ठाऊक नाही म्हणून मान हलवली. खरं तर त्या दिवशी सगळे कोन उलटे म्हणून बाईंकडून फाईल परत आली होती. मीच सिल्लोडला फोन केला. "आई जेवायला थांब म्हणतीय, मामा. काय चुकलं ते तर सांगा," म्हणाली. मी म्हणालो, "आधी ये, मग सांगतो." फुलंब्रीच्या अलीकडंच ट्रकनं गाठलं तिला.

सोमवारी बाई तो रकाना पुसणार आहेत. माझा होकार मागतात. तो देणारा मी कोण? तू येऊन बघ, नाहीतर पुसा म्हणून दोन ओळी लिही. रोज दुपारी मी तिच्या शेजारी बसतो आणि काय चुकलं ते अजून तिला सांगितलेलं नाही.

तिला ताटावरून उठवणारा,
अंगददादा