परीक्षेला न येणारा भाग

जुळे सोलापूर,
२६ एप्रिल

प्रिय दानू,

फोनवर तू ‘गोळ्या घेतल्यास का’ विचारतेस, मी ‘व्हय’ म्हणते आणि आपलं बोलणं संपतं. म्हणून लिहायला बसले आहे. बऱ्याच वर्षांनी पेन धरलाय, अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

इथं ऊन फार आहे. तुझे अप्पा जाऊन सात महिने झाले, तरी सकाळी हात दोन कपांचा चहा टाकतो. शेजारची पूनम नोकरीवर जाताना दारातून हाक मारते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझाच आवाज माझ्या कानावर पडत नाही.

तीन दिवसांपूर्वी मात्र मी बाहेर गेले होते, अप्पांच्या कॉलेजात. दर तेवीस एप्रिलला ते त्या इंग्रज नाटककाराच्या आयुष्यावर व्याख्यान द्यायचे, आठवतं ना? त्याचा जन्म आणि मरण दोन्ही त्याच तारखेला झालं म्हणतात. मी त्याला ‘तुमचा इंग्रज’ म्हणायचे. इतकी वर्षं त्या दिवसासाठी शर्टाला इस्त्री करून दिली, पण व्याख्यान एकदाही ऐकलं नाही. यंदा त्यांचा जुना विद्यार्थी मडिवाळप्पा घरी आला. तो चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर आहे. म्हणाला, “अव्वा, सरांचं सगळं लेक्चर माझ्या वहीत हाय. औंदा मी वाचतो. तुमी यायलाच पायजे.”

हॉलमध्ये तीसेक मुलं होती. मडिवाळप्पा मराठीत वाचत होता, मधेच अप्पांसारखा कानडीत शिरत होता. तो इंग्रज हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा, कॉलेजचं तोंड न पाहिलेला. बायको आणि तीन लेकरं गावी ठेवून नाटकासाठी शहरात गेला. मेल्यावर त्याच्या दोन नटमित्रांनी त्याची नाटकं गोळा करून छापली, नाहीतर निम्मी हरवली असती. आणि मृत्युपत्रात बायकोच्या नावावर काय, तर घरातला दुसऱ्या नंबरचा पलंग. मुलं हसली. मला हसू आलं नाही. चांगली कॉट आपणही बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसाठीच ठेवली होती की. नवराबायकोचा पलंग नेहमी दुसऱ्या नंबरचाच असतो. आपल्या त्या पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला मी हल्ली धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवते, म्हणजे तिकडं हात गेला तर काहीतरी लागतं.

कार्यक्रम संपल्यावर मडिवाळप्पा मला सोडायला आला. रिक्षात म्हणाला, “अव्वा, एक इचारू? सरांनी एक भाग कदीच शिकवला न्हाय. त्या नाटककाराचा एकुलता एक पोरगा अकराव्या वर्षी वारला. बाप तवा शहरात. येळेवर पोचला का न्हाय, कुणालाच ठाव न्हाय. पुस्तकात हाय ते. मी वर्गात इचारलं, त्या पोराचं काय झालं सर? सरांनी फळा पुसला. म्हणले, ते परीक्षेला येत नाही.”

मला ते माहीत नव्हतं, दानू. ज्याच्या नावानं मी आयुष्यभर कुरकुर केली, त्याला असा मुलगा होता हे मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन तशीच बसून राहिले.

आपला शिवयोगीही अकराचाच होता. तू चौदाची. अप्पा मुलांची नाटकाची टीम घेऊन कोल्हापूरला स्पर्धेला गेले होते. ते परतले तेव्हा शिवूला आपल्या रीतीप्रमाणे विभूती लावून, हार घालून अखेरचं बसवलेलं होतं. तू दारातच त्यांना म्हणालीस, “आता करा नाटक.” त्यानंतर तू त्यांना अप्पा म्हणून हाक मारलेली मी ऐकली नाही. शिकायला बेंगळूरला गेलीस, तिकडचीच झालीस. गेल्या वर्षी त्यांना शेवटचं पाहायला आलीस तेव्हाही उंबऱ्याजवळच बसलीस आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेलीस. मी तुला थांब म्हणाले नाही. तसं म्हणायचा मला हक्क नव्हता.

कारण त्यांनी फोन केला होता. शिवू जायच्या आदल्या संध्याकाळी, खालच्या गुरम्मांच्या घरी. तू शिवूपाशी बसली होतीस. त्यांनी विचारलं, “ताप कसा आहे? निघून येऊ का?” डॉक्टर दुपारीच म्हणाले होते, दवाखान्यात दाखल करा. आणि मी सांगितलं, “उतरलाय. तुमची स्पर्धा करूनच या.” ते जाताना आमचं भांडण झालं होतं. सगळं एकटीनं निभावते हे त्यांना दाखवायचं होतं मला. सकाळपर्यंत उतरेल असंही वाटलं होतं, पण उतरला नव्हता हे मला माहीत होतं. तू दारात बोललीस तेव्हा त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. वर्षभरानं मी म्हणाले, मी दानूला खरं सांगते. ते म्हणाले, “नको. भाऊ गेला, बापावरून मन उडालं. तिला निदान आई तरी राहू दे.” मी ऐकलं. मला ते सोयीचंही होतं, हे आज लिहिते. तीस वर्षं तू सणाला माझ्यासाठी साड्या पाठवल्यास, त्यांना साधा फोन केला नाहीस, आणि ते माझी नवी साडी बघून म्हणायचे, दानूची निवड चांगली आहे. आता ते नाहीत आणि माझ्या वाटचा दोष अजून त्यांच्याच नावावर आहे. म्हणून हे पत्र. वाचून तुला आई नकोशी झाली तर मी समजून घेईन. पण अप्पा तुझे होते, ते यायला तयार होते, मी त्यांना थांबवलं.

तुझीच,
अव्वा