लोणी माहेरी चाललं

गुरुवार, संध्याकाळ. आखातातलं सीब.

दुकानातून पुन्हा तेच लोणी आणलं. चंदेरी कागदावर बारीक अक्षरांत ‘डेन्मार्क’. सई तिकडे शिकायला गेल्यापासून तो शब्द दिसला की हात आपोआप पुढे होतो. लोणी कढताना घरभर वास, आणि मी तो कागद हातात धरून नुसती बसलेली. कशी असतील तिथली कुरणं?

फोनवर तिला म्हटलं, शेजारचे तिकडे येताहेत, तूप पाठवते.

“आई, पण ते लोणी इथलंच आहे.”

“असू दे. माहेरी चाललंय.”

ती हसली. मग अडखळत म्हणाली, “आणि माझं माहेर कुठलं? सीब की आपलं पुणे?”

 बरणीत तूप रवाळ होतंय. कागद अजून हातातच आहे.