लिटरला पंधरा

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सकाळी १०
गाडीची पूजा केली. लाल, दोन सीटची, वरचं कापडी छप्पर उघडणारी स्पोर्ट्स कार. वय बावीस. नाशकात अशी दुसरी नाही. लेक हर्षाली पुण्याला नोकरीला गेली, घरात आता आम्ही दोघंच. म्हणून दोन सीट. विचार करून घेतली आहे.
हार घालताना उज्वलाने सगळ्या सोसायटीदेखत विचारलं, ‘अ‍ॅव्हरेज किती देते हो?’ संताप झाला. सव्वीस वर्षांच्या संसारात मला काय आवडतं हे एकदा तरी विचारलं का हिने?
करार ठरला. चंपाषष्ठीला तिच्या माहेरी यात्रा असते. तोपर्यंत टाकी टू टाकी पंधरा दिलं तर गाडी राहील. नाही दिलं तर विकायची, आणि पार्किंगमधून घालवलेली तिची स्कूटी परत येणार. हसत मान्य केलं. आधीचा मालक अठरा म्हणाला होता. सभ्य माणूस. पांढरा शर्ट.

४ ऑक्टोबर
टाकी फुल. कॉलेज रोड, गंगापूर रोड, परत. टाकी फुल. आठ पॉइंट दोन. पंपवाला चोर आहे.

७ ऑक्टोबर
दुसरा पंप. सात पॉइंट नऊ. दोघं मिळालेले आहेत.

९ ऑक्टोबर
रवी मेकॅनिककडे. म्हणाला, ‘साहेब, तीन सिलिंडरवर चालतीये. चौथा नुसता सोबतीला आहे.’ पार्ट बाहेरून मागवावा लागेल. बाहेरून म्हणजे मुंबईहून का, तर म्हणे जपानहून. चौथा काम करत नसेल तर पेट्रोलही पीत नसणार, मग अ‍ॅव्हरेज वाढायला हवं! रवीला साधं गणित येत नाही आणि लोक त्याच्या हातात गाड्या देतात.

१४ ऑक्टोबर
ग्रीन टॅक्स भरला, मागचा धरून. आधीच्या मालकाने भरलाच नव्हता. पांढरा शर्ट! म्हाताऱ्या माणसाला सवलत आणि म्हाताऱ्या गाडीला दंड, हा कुठला न्याय? इन्शुरन्सवाला म्हणतो गाडीची किंमत जवळजवळ शून्य. प्रीमियम मात्र शून्य नाही. त्याला चांगलं सुनावलं. फोन त्याने आधीच ठेवला होता.

१९ ऑक्टोबर, रविवार
इगतपुरीपर्यंत पळवली. पुढे कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरलो. एक थेंब खर्च नाही. मात्र येताना तोच घाट चढावा लागला. शिवाय पाऊस आला आणि छप्पर अर्ध्यावर अडकलं. एका हातात स्टिअरिंग, एका हातात छत्री. ट्रकवाले हसत होते. या देशात स्पोर्ट्स कारची कदर नाही.
अ‍ॅव्हरेज नऊ. पण चढ हा रस्त्याचा दोष, गाडीचा नव्हे. चढाचं पेट्रोल वजा केलं तर साडेतेरा बसतं. उज्वलाला समजावून सांगितलं. म्हणाली, ‘मग तुम्ही कसाऱ्यालाच राहा.’

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
प्रश्न वजनाचा आहे. स्टेपनी काढली. जॅक, पाने, पायपुसणी, सगळं माळ्यावर. माझं वजन पंच्याहत्तर, पण ते धरायचं नाही. चालक लागतोच. म्हणजे उरली उज्वला. अडुसष्ट.
माहेरी निघायचं म्हणून साडी नेसून, करंज्यांचा डबा घेऊन गाडीपाशी उभी होती. शांतपणे सांगितलं की अ‍ॅव्हरेज लागेपर्यंत तू एसटीने जा, आणि मीही गाडी उगाच सटाण्यापर्यंत पळवणार नाही. डबा तरी टपालाने पाठवू का, एवढंच विचारलं. डोळे लाल होते. सोसायटीतली पोरं फार फटाके उडवतात. धूर होतो. सेक्रेटरीकडे लेखी तक्रार करणार आहे.

९ नोव्हेंबर
दहा पॉइंट एक! टायरमध्ये हवा जास्त भरली त्याचा परिणाम. दोन दाढा हलल्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री
शेवटची संधी होती. सकाळी नाशकात टाकी फुल केली. उज्वला सटाण्याच्या एसटीत बसली. मी एसटीच्या पाठोपाठ, अगदी चिकटून. एसटी वारा अडवते, मागच्याला पेट्रोल कमी लागतं. हे शास्त्र आहे. मागच्या काचेतून उज्वला माझ्याकडे बघत होती. मी हात केला. तिने तोंड फिरवलं.
सोग्रस फाट्याला बासष्ट किलोमीटर झाले आणि तिसरा सिलिंडरही सोबतीला बसला. गाडी बंद. एसटी दिसेनाशी झाली. ऊन. फाट्यावरचा प्रत्येक माणूस येऊन अ‍ॅव्हरेज विचारून गेला. एकाला मारायला धावलो.
अडीच तासांनी मेव्हणा महेश ट्रॅक्टर घेऊन आला. म्हणाला, ‘दाजी, गाडी लय भारी शे, पण चालत का नाय?’ दोर बांधला. मी आत बसून स्टिअरिंग धरलं. चाळीस किलोमीटर माझ्याशी कुणी बोललं नाही, म्हणून मीटर बघत होतो. फिरत होतं!
सटाण्याला पंपावर ट्रॅक्टर वळवायला लावला. टाकी फुल. एकशे दोन किलोमीटर, सहा पॉइंट सात लिटर. पंधरा पॉइंट दोन! करारात टाकी टू टाकी एवढंच होतं. दोराबद्दल एक अक्षर नाही.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
सकाळी खंडोबाच्या देवळात सगळ्यांना आकडा सांगितला. सासरे धोंडीरामबापू खूश झाले. उज्वलाने पुजाऱ्याकडून बेल घेतला, भंडाऱ्याची मूठ घेतली आणि माझ्यापुढे धरली. ‘उचला बेलभंडारा, आणि शपथेवर म्हणा गाडीने पंधरा दिलं.’
माझ्या हातात नारळाची पिशवी होती. नाहीतर उचललाच असता. सगळे बघत होते. महेश दोर गुंडाळत होता. मला चप्पल बघायला बाहेर जावं लागलं.

रात्री
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
दुपारी बारागाड्या होत्या. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यात माणसं बसवायची आणि भगताने ओढायच्या. गावात बैलगाड्या उरल्यात अकराच. ट्रॅक्टरची ट्रॉली नको म्हणून वाल्मीक भगत अडून बसला. महेश हात जोडून माझ्याकडे आला. ‘दाजी, तुमची बी वढायचीच शे ना.’
ओरडलो. ही स्पोर्ट्स कार आहे म्हणालो. बापू म्हणाले, ‘पाव्हणं, देवाचं काम हाय.’ तोवर गाडी बांधलीसुद्धा होती, बैलगाडीच्या मागे, बारावी. दोन सीटच्या गाडीत अकरा माणसं बसली. डिकीवर तीन.
उज्वला पदर खोचून स्वतः चढली. मी स्टिअरिंगवर, ती शेजारच्या सीटवर. ही सीट तिच्यासाठीच घेतली होती. दसऱ्यापासून ती त्या सीटवर बसलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं आणि राग कुणाचा करावा ते समजेना.
भंडारा उधळला. येळकोट येळकोट. गाडी हलली. उज्वला तोंडाला पदर लावून हसत सुटली. ‘चालते की हो!’ म्हणाली. चारशे मीटर. पेट्रोल शून्य.

२७ नोव्हेंबर. एसटीत
गाडी विकायची नाही असं उज्वलानेच ठरवलं. महेशच्या कांदे साठवायच्या चाळीत राहील. दरवर्षी बारावी गाडी लागतेच. निघताना सीटवर कोंबडी बसली होती. हाकलली नाही.
एसटीत दोन सीटचा बाक मिळाला. खिडकीजवळ ती. तिचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. हाही अन्यायच. कंडक्टरला विचारलं, एसटी अ‍ॅव्हरेज किती देते? म्हणाला, खाली बसा.
सोग्रस फाटा गेला. तिने करंज्यांचा डबा उघडून पुढे केला. करंज्या केव्हाच संपल्या, आता त्यात बापूंनी दिलेली वांगी. उद्यापासून पार्किंगमध्ये स्कूटी येईल. जरा वेळाने विचारलं, मला ऑफिसला सोडशील का? म्हणाली, सोडेन की. वजन किती तुमचं?
पंच्याहत्तर म्हणणार होतो, पण तिच्या मांडीवर भंडाऱ्याची पुडी होती.
चौऱ्याऐंशी, म्हणालो.