तारप्याकडे पाठ

बा,

ठाण्याहून तुझ्या पाया पडतो. मी बरा आहे. सूर्यमाळला टँकर येतो ना? आयेला विहिरीत उतरू देऊ नको.

ऑफिसात सगळे म्हणाले, "कमलेश मोखाड्याचा, तारपा वाजवेल." येत नाही म्हटल्यावर हसले. चिडून युकुलेलेचा क्लास लावला. ती चार तारांची छोटी गिटार. कॉर्ड, म्हणजे तारा दाबायच्या जागा, बदलताना डावी बोटं अडखळतात, तर उजवा हातही थांबतो. बाई ओरडतात, "चुकलं तरी थांबू नका!"

तारपा फुंकताना तुझा दम कधी तुटला नाही. मला मात्र हात लावू दिला नाहीस. म्हणायचास, "तुला साहेब व्हायचंय."

नाचताना तारप्याकडे पाठ करायची नाही, हे तूच शिकवलंस. मग माझी पाठ कोणी फिरवली, बा?

तुझा साहेब,
कमलेश