धाकट्याच्या कारसीटबाबत, आणि उरलेल्या मालमत्तेबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने मोटारींच्या सीटा शिवणारा कारागीर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. पाय ठिकाणावर नाहीत. मणक्याच्या दुखण्याने दोन वर्षांपूर्वी कमरेखालचे सगळे गेले, इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे तेव्हापासून मी तिसऱ्या मजल्यावरच्या या मागच्या खोलीतच आहे. अशा कागदात 'कोणाच्याही दडपणाशिवाय' असे लिहायची पद्धत आहे. ते मी लिहीत नाही. दडपण आहे. ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. राहते घर माझ्या एकुलत्या एका लेकीला द्यावे. तिने आणि जावयाने माझे सगळे केले, तोंड वाकडे न करता. घराला कसलीही अट नाही.

कलम दोन. शिलाईचे जड मशीन, दाभणांचा डबा आणि मोठी कात्री दुकानातल्या माझ्या जोडीदाराला. त्याने त्या कात्रीने कागद कापू नये, तीस वर्षे सांगतो आहे. चाकाची खुर्ची तळमजल्यावरच्या वकिलांना. "लिफ्ट हवी कशाला? जिने चढून प्रकृती ठणठणीत राहते," असे सोसायटीच्या भर सभेत म्हणून त्यांनी लिफ्ट हाणून पाडली. त्यांच्या दाराला एकही पायरी नाही, खुर्ची सरळ आत जाईल.

कलम तीन. बँकेतल्या ठेवीतून सगळ्यात आधी धाकट्या नातवासाठी, वय अडीच वर्षे, तो ज्या ज्या गाडीत बसतो त्या प्रत्येक गाडीत नवी कारसीट घ्यावी, आणि ती लहान पडली किंवा मुदत संपत आली की पुन्हा घ्यावी. बाकी ठेव दोन्ही नातवंडांना सारखी.

लेक आणि जावई लवकर कामावर जातात, म्हणून धाकट्याला पाळणाघरात सोडायचे काम जावयाच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या व्याह्यांकडे आहे. माणूस लाख मोलाचा. पण त्यांच्या गाडीतली कारसीट कोणीतरी देऊन टाकलेली. एकदा मी ती हट्टाने वर मागवली. पाठीवर साच्यातच उमटवलेली मुदत चार वर्षांपूर्वीच संपली होती.

"व्याहीबुवा, ही टाकून द्या."

"अहो, सीट म्हणजे काय दूध आहे, नासायला?" ते हसले. "आमची तीन पोरं काय असल्या सीटेत बसून मोठी झाली?"

"जी मोठी झाली नाहीत, ती सांगायला येत नाहीत."

"सकाळी सकाळी अभद्र बोलू नका बुवा!"

जावयाला सांगितले, तर तो म्हणाला, "बाबा रोज एवढं करतात, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?" लेकीला सांगितले, तर ती म्हणाली, "मी कोण सांगणारी?"

रोज साडेआठला मी खिडकीतून खाली मागच्या अंगणात बघतो. व्याही धाकट्याला जाड जाकिटासकट सीटेत कोंबतात आणि वरून पट्टे लावतात. ते खांद्यावरून घसरलेले मला इथूनसुद्धा दिसतात. मी काच वाजवतो. व्याही वर बघतात, धाकट्याचा हात धरून मला टाटा करायला लावतात, आणि गाडी निघून जाते. ते पोचल्याचा फोन येईपर्यंत मी खिडकी सोडत नाही.

म्हणून, आजोबा असोत, आत्या असो वा शेजारीण, त्याला गाडीत घेणाऱ्या प्रत्येकाने आधी मुदत पाहावी. अपघातातून गेलेली किंवा कोणाची होती ते ठाऊक नसलेली सीट घेऊ नये. जाकीट काढावे. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे. 'पाच मिनिटांवर तर आहे' हे कारण चालणार नाही.

कलम चार. हे लेकीने नीट वाचावे.

अकरा वर्षांपूर्वी मोठी नात तीन वर्षांची होती आणि तिची ने-आण मी करत होतो. माझ्या गाडीतल्या जुन्या कारसीटला मी स्वतः नवे पट्टे शिवले होते. तू नवी सीट आणून खोके दुकानात ठेवलेस.

"बाबा, जुनीची मुदत संपलीय. ही बसवून घ्या."

"माझ्या हातची शिलाई हत्तीनं ओढली तरी उसवायची नाही."

"तरी पण, बाबा."

पुढच्याच आठवड्यात चौकात एक टेम्पो आडवा आला. माझा एकही टाका उसवला नाही. फाटले ते पट्ट्यामागचे प्लास्टिक. उन्हाने कधीच कुजले होते ते. पोर पुढच्या सीटवर आदळली. जीव वाचला, पण तिचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

दवाखान्यात तू विचारलेस, "नवी सीट होती ना?" मी म्हणालो, "ती माझ्या गाडीत बसेना गं. माप चुकलं होतं." तू म्हणालीस, "म्हणजे मीच नीट बघून आणायला हवी होती." मी तुला तसेच समजू दिले.

माप चुकले नव्हते. खोके मी उघडलेच नव्हते. नंतर तसेच भंगारात दिले.

तेव्हापासून तू साधा पडदा घ्यायचा तरी दोनदा मोजतेस. आणि व्याह्यांच्या सीटबद्दल बोललो की म्हणतेस, "मी कोण सांगणारी? मी आणलेली तरी कुठं बसली होती?" तुझे तोंड मी बंद केले. माझेही त्याच दिवशी बंद झाले.

कलम पाच. हा कागद मी गेल्यावरच उघडायचा होता. पण रोज ड्रेसिंगला येणाऱ्या परिचारिकाबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही जाईपर्यंत पोरगं त्याच सीटेतून जाणार का?"

काल संध्याकाळी मी लेकीला बोलावून कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला.

"खोकं उघडलंच नव्हतं?"

"नाही."

"अकरा वर्षं, बाबा." एवढेच म्हणून ती गेली.

आज ती कामावर गेली नाही. साडेआठला खाली उतरली आणि व्याह्यांच्या गाडीतली सीट उपसून काढली. व्याही हातवारे करत होते. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. ती बराच वेळ बोलत होती. मग व्याह्यांनी सीट धरून ठेवली आणि तिने पट्टे कापले, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून. दहा वाजता दोघे धाकट्याला घरी, रजा घेतलेल्या जावयाजवळ ठेवून नवी आणायला गेले.

माझ्या खोलीत ती अजून आलेली नाही. ताट जावयाने आणले. तिला कोणी समजवायला जाऊ नये, 'म्हातारा माणूस आहे' असेही म्हणू नये. माझ्यावर रागावायचा तिचा हक्क मी अकरा वर्षे दाबून ठेवला होता. तो या पत्रान्वये मी तिला पूर्णपणे, कायमचा आणि विनाअट देत आहे.

वाचून पाहिले, खाडाखोड नाही.

सही: (सीटवाले)

आमच्या समक्ष सही झाली:
१. परिचारिका, रोज ड्रेसिंगला येणाऱ्या
२. घड्याळजी, दुसरा मजला

ठिकाण: तिसरा मजला, मागची खोली
दिनांक: नऊ, मंगळवार, दुपारी दोन